नुसतं ऐकायचे पैसे?

मुलगी दीड महिन्याची असताना तिला लस टोचायला घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी वजन केलं, डोक्याचा घेर मोजला, टोचलं, आणि फाइल बंद करता करता सहज विचारलं, "आणि आई कशी आहे?" मी म्हणालो, "एकदम मस्त. झोपेचं खोबरं झालंय, बाकी काही नाही." बायको शेजारीच बसली होती. प्रश्न तिच्याबद्दल होता, उत्तर मी दिलं, आणि त्यात काही वावगं झालं असं कोणालाच वाटलं नाही. म्हणजे निदान आम्हा दोन पुरुषांना तरी.

पुढचे चार महिने कसे गेले ते इथे लिहीत नाही. तिने परवानगी दिली आहे ती एवढंच सांगायची, की ती न्हाणीघरात नळ सोडून रडायची, आणि बाळाकडे बघून आपल्याला काहीच वाटत नाही याची तिला भीती वाटायची. घरात सगळे म्हणायचे, "पहिलटकरणीला होतं असं." शेवटी तिची कॉलेजातली मैत्रीण तिला एका समुपदेशक बाईंकडे घेऊन गेली. (मी नेलं नाही, हेही नोंदवून ठेवतो.) पहिल्या भेटीनंतर मी विचारलं, "काय म्हणाल्या?" "काही नाही. ऐकत होत्या." दुसऱ्या भेटीनंतर तेच. तिसऱ्या भेटीनंतर माझ्यातला इंजिनियर जागा झाला आणि मी चक्क बोलून गेलो, "म्हणजे नुसतं ऐकायचे पैसे?"

ती नजर अजून आठवते. असो.

ती बरी झाली, पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. विचारला होता कुत्सितपणे, तरी प्रश्न म्हणून तो वाईट नाही. नुसतं ऐकून घेण्याने आजार बरा होतो हे कोणी, कुठे, कसं ताडून पाहिलं? मग चार-पाच वीकांत जालावर जुने शोधनिबंध उपसण्यात गेले. त्यातून जे हाती लागलं ते लिहितोय. मी डॉक्टर नाही, चूकभूल द्यावी घ्यावी.

बाळंतिणीला वेड लागतं हे जगाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १८५८ साली पॅरिसमध्ये लुई-व्हिक्टर मार्से नावाच्या तिशीतल्या डॉक्टरने गरोदर, बाळंत झालेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांच्या मनोविकारांवर एक जाडजूड ग्रंथच लिहिला. पण मार्सेसारख्यांना दिसत होत्या त्या वेड्यांच्या इस्पितळापर्यंत पोचलेल्या बायका. भास होणाऱ्या, भ्रमिष्ट झालेल्या, जिवाला धोका असलेल्या. असा तीव्र आजार हजार बाळंतिणींमागे एक-दोघींना होतो. तिथे आजही नुसतं ऐकून भागत नाही, तातडीने दवाखानाच गाठावा लागतो. दुसऱ्या टोकाला तिसऱ्या-चौथ्या दिवशीचं ते प्रसिद्ध रडू. ते निम्म्याहून अधिक जणींना येतं आणि आपोआप जातं. मधल्या मोठ्या पट्ट्याकडे मात्र कोणाचं लक्ष नव्हतं. वेड नाही, चार दिवसांचं रडूही नाही. स्वयंपाक होतोय, बाळाचं दूधपाणी होतंय, आणि आतून सगळं विझलंय. या बायका इस्पितळात जात नव्हत्या, म्हणून नोंदीत नव्हत्या. जे लॉगमध्ये येत नाही ते घडतच नाही, असं आम्हीही समजतोच की!

त्यांची मोजदाद केली ब्राइस पिटने, १९६८ साली लंडनमध्ये. त्याने इस्पितळात येणाऱ्यांची वाट पाहिली नाही. ३०५ बायकांना गरोदरपणात गाठलं आणि बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा विचारलं. ३३ जणी नैराश्यात निघाल्या, म्हणजे साधारण नऊ जणींमागे एक. सहा आठवडे... आमची लस होती त्याच सुमाराला.

आता या गोष्टीतला मुख्य माणूस, जॉन कॉक्स. हा ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला युगांडात, कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठात होता. (इदी अमीनचा काळ. संशोधनाला फार निवांत जागा नव्हे.) तिथल्या गांडा लोकांत बाळंतिणीच्या मानसिक आजाराला स्वतंत्र शब्द होता, 'अमाकिरो'. कारणही ठरलेलं: गरोदरपणात बाईने किंवा नवऱ्याने बाहेरख्यालीपणा केला असणार. आपल्याकडच्या 'बाहेरची बाधा' मंडळींनी हसू नये. कॉक्सने गावातल्या बायकांची तपासणी केली, पुढे तसंच काम स्कॉटलंडमध्येही केलं, आणि १९८३ मध्ये दोन्हींची तुलना छापली. नैराश्याच्या प्रमाणात फार मोठा फरक नव्हता. 'हे सगळं पाश्चात्त्य एकट्या बायकांचं दुखणं, आमच्याकडे घर भरलेलं असतं' हे वाक्य मी अनेक काकांच्या तोंडून ऐकलंय. त्याला चाळीसेक वर्षांपूर्वीच उत्तर मिळालेलं आहे.

एडिंबरोला कॉक्सच्या लक्षात आलं की या बायका ओळखायला हाताशी धड साधनच नाही. नैराश्य मोजायच्या तेव्हाच्या प्रश्नावल्या विचारायच्या, थकवा वाटतो का? झोप लागते का? भूक, वजन? अहो, सहा आठवड्यांच्या बाळाच्या आईला हे विचारायचं! सगळ्याच 'हो' म्हणणार. नॉइज इतका की सिग्नल दिसणारच नाही. म्हणून जॉन कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सॅगोव्स्की या तिघांनी शारीरिक तक्रारी बाजूला ठेवून नवे प्रश्न जमवले, गाळत गाळत दहावर आणले, आणि १९८७ मध्ये 'एडिंबरो पोस्टनेटल डिप्रेशन स्केल' प्रसिद्ध केलं.

मला ते इंजिनियरिंग म्हणून फार आवडलं. गेल्या सात दिवसांबद्दलच विचारायचं. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण ३०. हसू येतं का, पुढच्या गोष्टींची उत्सुकता वाटते का, उगाच स्वतःला दोष देता का, विनाकारण घाबरायला होतं का... झोपेचा प्रश्न आहे, पण तो 'झोप होते का' असा नाही. मन इतकं खिन्न आहे का की त्यामुळे झोप लागत नाही, असा आहे. एवढ्या एका बदलात बाळाने जागवलेली आई आणि दुःखाने जागवलेली आई वेगळ्या पडतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा, आणि त्याचं उत्तर कधीच नजरेआड करायचं नाही. ८४ आयांवर हे ताडून पाहिलं. १२/१३ ला रेघ मारली तर खरोखर आजारी असलेल्यांपैकी ८६ टक्के सापडत होत्या, आणि नसलेल्यांपैकी ७८ टक्के बरोबर बाहेर राहत होत्या. वेळ, पाच मिनिटं.

प्रश्नावलीबरोबरच्या सूचनांत एक अशी आहे, की उत्तरं आईने स्वतः द्यायची, दुसऱ्या कोणाशी चर्चा न करता. हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन आलो.

बरं, सापडल्या. पुढे काय? अंगावर पाजणाऱ्या बायका गोळ्या घ्यायला तयार नसत. मानसोपचारतज्ज्ञ मोजके, आणि त्यांच्याकडे जायचं म्हणजे 'वेडी' असा शिक्का. पण ब्रिटनमध्ये एक व्यक्ती अशी होती, जी प्रत्येक बाळाच्या घरी तशीही जात होती: हेल्थ व्हिजिटर. ही परंपरा जुनी. १८६२ च्या सुमारास मँचेस्टर-सॅलफर्डच्या एका महिला मंडळाने गरीब वस्त्यांत घरोघर बाया पाठवल्या, स्वच्छतेचे धडे द्यायला. पुढे ते सरकारी नर्सचं काम झालं. बाटली कशी उकळायची, बाळाला कसं न्हाऊ घालायचं, काय करू नये. थोडक्यात, सव्वाशे वर्षं सल्ले देण्याचा धंदा.

होल्डनच्या गटाने नेमक्या याच बायकांना हाताशी धरलं आणि सांगितलं, सल्ला देऊ नका.

त्यांना थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं. अमेरिकेत कार्ल रॉजर्सने १९४० च्या दशकात मांडलेली समुपदेशनाची पद्धत त्याच्या मुळाशी होती. उपाय आपण सांगायचा नाही, समोरच्या माणसाला बोलू द्यायचं, तो काय म्हणतोय ते समजलंय हे त्याला जाणवू द्यायचं, आणि निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यायचा. वाचायला सोपं वाटतं. ज्या नर्सने हजार बाळं पाहिली आहेत तिला 'त्यात काय, असं कर' हे जिभेवर आलेलं वाक्य गिळायला किती जड गेलं असेल! (मला तर पाच मिनिटंही जमत नाही. बायकोने ऑफिसातली अडचण सांगायला सुरुवात केली की तिसऱ्या वाक्याला माझं सोल्यूशन तयार.)

एडिंबरो आणि शेजारचं लिव्हिंग्स्टन या गावांतल्या, नैराश्याचं निदान झालेल्या आयांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला नेहमीची सेवा. दुसऱ्या गटाकडे हेल्थ व्हिजिटर आठवड्यातून एकदा, निदान अर्धा तास, असे आठ आठवडे गेल्या, केवळ ऐकायला. तीन महिन्यांनी मानसोपचारतज्ज्ञाने तपासलं. कोणती बाई कोणत्या गटातली हे त्याला ठाऊक नव्हतं. ऐकून घेतलेल्या २६ जणींपैकी १८ पूर्ण बऱ्या, म्हणजे ६९ टक्के. दुसऱ्या गटातल्या २४ पैकी ९, म्हणजे ३८ टक्के. १९८९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे छापून आलं.

हे होतं माझ्या प्रश्नाचं उत्तर. आठ अर्धे तास. चार तास!

पण इतक्यात टाळ्या नकोत. ५० बायका म्हणजे फार लहान नमुना. केंब्रिजला पीटर कूपर आणि लिन मरी यांनी १९३ बायकांवर तीन वेगवेगळ्या मानसोपचारांची तुलना नेहमीच्या सेवेशी केली. २००३ मध्ये निकाल आले. साडेचार महिन्यांना तिन्ही प्रकारांनी मूड सुधारलेला होता, पण नवव्या महिन्यापर्यंत उपचार न मिळालेल्याही बऱ्याचशा सावरून त्यांच्या बरोबरीला आल्या होत्या. म्हणजे काळाबरोबर आजार बहुतेकींचा ओसरतो. ऐकणं तो लवकर ओसरवतं. यावर कोणी म्हणेल, मग घाई कशाला? त्याने बाळाचे ते पहिले नऊ महिने एकदा आतून बघून यावेत, एवढंच म्हणतो.

दरम्यान वेगळीच गंमत झाली. गंमत कसली, आपल्या धंद्यात रोज होतं तेच. दहा प्रश्नांचा कागद फुकट होता, छोटा होता, झेरॉक्स करता येत होता. तो जगभर पसरला, डझनावारी भाषांत गेला. आठ अर्धे तास मात्र झेरॉक्स होत नाहीत. ऑक्सफर्डमध्ये काही संशोधकांनी ३९ आयांना विचारलं, ही प्रश्नावली भरताना कसं वाटलं? २००३ मध्ये छापलेलं उत्तर असं की निम्म्याहून अधिक जणींना तो प्रकार पटला नव्हता. भरलेल्या बाळ-दवाखान्यात, समोर अनोळखी माणसं, हातात कागद आणि पुढे काय होणार याचा पत्ता नाही. कोण खरं लिहील? त्यांना कागदापेक्षा कोणीतरी बोलायला हवं होतं. ज्यांनी हे साधन घडवलं त्यांच्या हेल्थ व्हिजिटर घरी जाऊन बसत होत्या. आपण कागद तेवढा घेतला आणि खुर्ची तिथेच सोडून आलो.

तो कागद कोकणीत शिरला म्हापशाला. १९९० च्या दशकाच्या शेवटी विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा यांनी तिथल्या आझिलो इस्पितळात २७० गरोदर बायकांची नोंद केली आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत त्यांचा माग ठेवला. २००२ मध्ये निकाल छापले. सहा-आठ आठवड्यांना २३ टक्के आया नैराश्यात होत्या, म्हणजे पिटच्या लंडनच्या दुप्पट. त्यांच्यातल्या ७८ टक्के गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या, आणि निम्म्याहून अधिक सहाव्या महिन्यातही आजारीच. कारणं? गरिबी, नवऱ्याशी संबंध, मारहाण, आणि बाळ मुलगी आहे की मुलगा. माहेर, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, सव्वा महिना हे सगळं आपल्याकडे असतं, आणि ते चांगलंच आहे. पण त्या सव्वा महिन्यात बाळंतिणीला काय खायचं हे दहा जण सांगतात. आमच्याकडे अळिवाची खीर कोणी करायची यावर फोनवर चर्चा झाली होती, तीही तिला न विचारता.

म्हापशाच्या आयांशी मग सविस्तर बोलूनही पाहिलं. त्यातल्या दुःखी बायकांना 'हा मनाचा आजार आहे' असं वाटतच नव्हतं. आपली परिस्थिती अशी आहे, नवरा असा आहे, म्हणून असं होतंय, असं त्या सांगत. मला विचाराल तर त्यांचं निदान चुकीचं नव्हतं. आणि म्हणूनच गोळीपेक्षा, ती परिस्थिती जिच्याशी बोलता येईल अशी कोणीतरी जास्त लागू पडत असावी.

ती कोणीतरी आपल्या भागात कुठून आणायची? याचं सगळ्यात भक्कम उत्तर आलं रावळपिंडी जिल्ह्यातल्या खेड्यांतून. पाकिस्तानात १९९४ पासून 'लेडी हेल्थ वर्कर' आहेत, साधारण हजार वस्तीमागे एक, गावातलीच शिकलेली बाई. आतिफ रहमान आणि सहकाऱ्यांनी त्यांना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं, वर महिन्याला देखरेख. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळ दहा महिन्यांचं होईपर्यंत घरी १६ भेटी. यात निव्वळ ऐकणं नव्हतं. निराश विचार ओळखून त्यांना वेगळं वळण देणं होतं, चित्रं होती. पण मला आवडली ती त्यांची शक्कल. घरात शिरताना 'सुनेला नैराश्य आहे' असं म्हणायचंच नाही. विषय काढायचा बाळाच्या तब्येतीचा. नातवाच्या तब्येतीला कोणती सासू नाही म्हणेल? मग त्याच बैठकीत आईच्या जेवणाचं, विश्रांतीचं, मनाचं बोलणं निघतं, आणि सासू शेजारी असते ती विरोधात नाही, सोबतीला. २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेले आकडे असे: सहाव्या महिन्याला या भेटी मिळालेल्यांपैकी २३ टक्के आया नैराश्यात, तेवढ्याच साध्या भेटी मिळालेल्यांपैकी ५३ टक्के. बाळांच्या वजन-उंचीत मात्र म्हणावा तसा फरक पडला नाही, हेही सांगायला हवं. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती पुस्तिका जगासाठी खुली केली.

आणि मग ती पुन्हा गोव्यात आली. या वेळी कार्यकर्त्याही सरकारी नव्हत्या, वस्तीतल्याच इतर आया होत्या. नाव 'सखी'. २८० बायका, सहाव्या महिन्याला सखी मिळालेल्यांपैकी ७३ टक्के बऱ्या, न मिळालेल्यांपैकी ६० टक्के. २०१९ ला छापलेला हा निकाल रावळपिंडीइतका झगझगीत नाही. लक्षणांच्या सरासरी गुणांत तर फरक जेमतेमच होता. तरी दोन आया एकमेकींशी बोलून एवढं होतंय, तर मला ते पुष्कळ वाटतं.

महाराष्ट्रात घरी जायची वाट आधीच पाडलेली आहे, आणि ती आपल्याच माणसांनी. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेता येते हे १९९९ मध्ये दाखवून दिलं. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या त्याच धर्तीवर पहिल्या ४२ दिवसांत सहा-सात वेळा बाळाच्या घरी जातात, तापमान बघतात, वजन करतात. बेचाळिसावा दिवस म्हणजे परत ते सहा आठवडेच. त्या भेटीत आणखी अर्धा तास थांबायचा मोबदला आणि शिकवण आशाताईंना कोणी देईल का, हा पैशाचा प्रश्न आहे, विज्ञानाचा राहिलेला नाही. आणि आमच्या सोसायटीत तर आशाताई येतच नाहीत. चौदाव्या मजल्यावर येतात ते डिलिव्हरीवाले.

हे सगळं लिहून बायकोला वाचायला दिलं. तिने एकच दुरुस्ती सांगितली. पहिल्या तीन भेटींत त्या बाई ऐकत होत्या असं तिने मला तेव्हा सांगितलं होतं, ते पूर्ण खरं नव्हतं. त्या तीन भेटींत ती काही बोललीच नव्हती. त्या नुसत्या बसून होत्या. ती बोलली चौथ्या वेळी.

ता. क. : केंद्र सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. घरात बाळंतीण असेल तर नंबर तिच्या फोनमध्ये टाकून ठेवा. फोन तिला करू द्या.